साठ लाख बावीस हजार परार्ध

वाशीम जिल्ह्यातलं आसेगाव. शिवारात सोयाबीनची मळणी चालू आहे. थ्रेशरचा घरघराट, उडणारं भुसकट, नाकातोंडात धूळ. भरलेल्या कट्ट्यांना पाठ टेकून तुम्ही बसला आहात, आणि शेजारी नववीतली एक पोरगी मांडीवर विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसली आहे. धडा 'द्रव्याचे मोजमाप'. पण डोळे पुस्तकात नाहीत, कट्ट्यावर आहेत.

"ह्या एका कट्ट्यात दाने किती असतीन हो?"

"बस मोजत दिवाळीलोक," तिचा बाप थ्रेशरपाशूनच ओरडतो.

दिवाळीपर्यंत थांबायचं कारण नाही. तुमच्या खिशात सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा आहे. शंभर दाणे मोजून त्यावर ठेवा. समजा १२ ग्रॅम भरले. कट्टा मोठ्या काट्यावर ६० किलो भरतो, म्हणजे ६०,००० ग्रॅम. बाराने भागा, शंभराने गुणा: पाच लाख दाणे. शंभराच्या पुढचा एकही दाणा कुणी मोजला नाही.

पोरगी खूश. पुस्तक पुढे करते: पाण्याचे १.५०५५ × १०चा २३वा घात इतके रेणू दिलेत, मोल किती? "गुनाचं का भागाचं?" हा महाराष्ट्रातल्या निम्म्या वर्गाचा प्रश्न आहे. पण तिचा पुढचा प्रश्न जास्त अवघड आहे. सोयाबीनचे पहिले शंभर दाणे आपण हाताने मोजले. पाण्याचे पहिले शंभर रेणू कुणी मोजले?

काटा खिशात टाका. मागे जावं लागेल, आणि बरंच मागे.

पहिला मुक्काम लांब नाही. वाशीमच्या दिशेने चालत राहा. डांबर संपतं, विजेचे खांब जातात, आणि जे गाव समोर येतं त्याचं नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकाचा उत्तरार्ध आहे, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी आहे, राजा दुसरा विंध्यशक्ती. एका पडवीत ताम्रपट कोरणं चालू आहे. मजकूर काही संस्कृतात, काही प्राकृतात. हा ताम्रपट पुढे १९३९ साली वाशीमलाच सापडणार आहे, पण आत्ता तांबं नवं, तांबूस लखलखीत आहे आणि कोरणाऱ्याच्या छिन्नीखाली कुरकुरतं आहे. कडेला कापून टाकलेला एक तुकडा उचला, काट्यावर ठेवा. ६३.५ ग्रॅम. बरोबर एक मोल तांबं. हा आकडा इथे कुणाच्याही उपयोगाचा नाही, तेव्हा तुकडा गुपचूप जागेवर ठेवा.

खिडकीतून उन्हाची तिरीप आली आहे आणि तिच्यात धुळीचे कण तरंगताहेत. एखादा वैशेषिक मताचा पंडित तुमच्या जागी असता तर त्याने हाच कण दाखवला असता. त्याचं नाव त्रसरेणू. दोन परमाणूंचा एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा हा दिसणारा कण. म्हणजे एकूण सहा परमाणू. आणि परमाणू मानायचाच का? त्याचा युक्तिवाद आजही ऐकण्यासारखा आहे: वस्तूचे तुकडे अनंत वेळा होत राहिले असते, तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा यांत फरक उरला नसता, कारण दोघांचेही तुकडे अनंतच. तेव्हा कुठेतरी थांबावं लागतं.

युक्तिवाद देखणा आहे. आकडा मात्र साफ चुकला. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा मातीचा कण घेतला तर त्यात सहा नव्हे, सुमारे चाळीस लाख कोटी अणू असतात. 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' म्हणणाऱ्यांनी इथे जरा दम घ्यावा. विचार होता, तो मोठा होता. त्याला तराजू लावलेला नव्हता. आणि असा विचार ग्रीसमध्येही होता, तिथेही तराजू लावलेला नव्हता. एवढंच.

मोठ्या संख्यांना मात्र आपण कधी घाबरलो नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला सन १२०७ मध्ये चला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आहे, आणि तसा शिलालेख कोरून ठेवला आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात जगापुढे आणला. आत पोरं संख्यांची स्थानं घोकताहेत. तुमच्या आजोबांनी शाळेत म्हटलेलं एकं दहं शतं हेच, पण ही गाडी कोटीवर थांबत नाही. खर्व, निखर्व, शंकू असं करत अठराव्या स्थानावर परार्धाला पोचते. 'लीलावती' ११५० सालची आहे आणि तिच्यात परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं.

आता पोरीच्या पुस्तकातला ॲव्होगॅड्रो अंक, म्हणजे एका मोलातल्या कणांची संख्या, या पोरांच्या भाषेत सांगा. ६.०२२ गुणिले १०चा २३वा घात, म्हणजे साठ लाख बावीस हजार परार्ध. मठातलं एकही पोर दचकणार नाही. फक्त विचारेल, इतकं काय मोजलंत?

ते दाखवायला परत वऱ्हाडात या. वाशीम, रिसोड मागे टाकून पश्चिमेला, लोणार. सोळाव्या शतकाचं शेवटचं दशक, अकबराची बादशाही. अबुल फजल आपल्या 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती लिहितो आहे; वाशीमचं सरकार त्यात आहे, आणि लोणारच्या परिसरात काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं हेही आहे. उन्हाळा आहे. पावणेदोन किलोमीटरहून रुंद खळगा, कडेवरून उतरायलाच दम लागतो. खाली येताच कुजक्या अंड्याचा वास. पाणी आटून मागे सरलं आहे आणि काठाच्या चिखलावर पांढरी पापडी धरली आहे. माणसं गुडघाभर गाळात उभी राहून ती गोळा करताहेत. या खाराच्या प्रतींना नावं आहेत: डल्ला, खुप्पल, पापडी. किंमत वेगळी, गिऱ्हाईक वेगळं. त्यांच्या पायांकडे बघा. खाराने टाचा भेगाळल्या आहेत. हे रसायनशास्त्र पुस्तकात येत नाही.

एक खडा घ्या. तो शुद्ध नाही. माती आहे, मीठ आहे, पाणी आहे. हिशोबापुरता तो निव्वळ सोडियम कार्बोनेट आहे असं धरू. काट्यावर ५३ ग्रॅम, आपल्या तोळ्याने साडेचार तोळ्यांहून किंचित जास्त. सोडियमचे दोन अणू, कार्बनचा एक, ऑक्सिजनचे तीन: २३ दुणे ४६, अधिक १२, अधिक ४८, बेरीज १०६. म्हणजे १०६ ग्रॅमचा एक मोल, आणि हातातला खडा अर्धा मोल. कण किती? अर्ध्याला ॲव्होगॅड्रो अंकाने गुणा: ३.०११ गुणिले १०चा २३वा घात. तीस लाख अकरा हजार परार्ध.

पण हे कण कशाचे? इथे पोरं घसरतात. हा आकडा सोडियम कार्बोनेटच्या सूत्र एककांचा आहे. प्रत्येक एककात सोडियमचे आयन दोन, म्हणून सोडियम आयन अर्धा मोल नव्हे, पुरा एक मोल: ६.०२२ गुणिले १०चा २३वा घात. कार्बोनेट आयन मात्र अर्धा मोलच. ऑक्सिजनचे अणू दीड मोल. खडा एक, वजन एक, आणि तीन प्रश्नांची तीन बरोबर उत्तरं. नुसतं 'कण किती' विचारणारा प्रश्न अर्धवट आहे आणि तो तसाच परीक्षेत येतो, हे परीक्षा घेणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवं.

गाळातल्या माणसाला यातलं काही नको आहे. तो वजनावर विकतो आणि त्याचं काहीही अडत नाही. गंमत अशी, की पुढे अडीचशे-तीनशे वर्षं युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांचंही तसंच चाललं. संख्या माहीत नाही, वजनांची प्रमाणं माहीत आहेत, आणि तेवढ्यावर कारखाने उभे आहेत.

म्हणून १८११च्या इटलीत फार वेळ घालवू नका. व्हेर्चेल्लीच्या शाळेत अमेदेओ ॲव्होगॅड्रो शिकवतो आहे. त्याने एवढंच म्हटलं आहे: तापमान आणि दाब सारखे असले तर वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते. सारखी, किती ते त्याने सांगितलं नाही आणि तो १८५६ साली वारला तोवर त्याला ते कळलंही नाही. आज त्याच्या नावाने ओळखला जाणारा अंक त्याने उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही.

त्याचं ऐकलंही गेलं नाही. १८६०च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्ल्सरूहला या, ३ ते ५ तारखांची परिषद. सव्वाशेवर रसायनशास्त्रज्ञ जमलेत आणि भांडण अगदी बाळबोध आहे: पाण्याचं सूत्र काय लिहायचं? कुणी हायड्रोजनचा एक अणू धरतो, कुणी दोन. अॅसेटिक आम्लाची एकोणीस वेगवेगळी सूत्रं चलनात होती, तशी यादीच रसायनशास्त्रज्ञ केकुलेने आपल्या पुस्तकात छापली. एकोणीस! तुमच्या काट्याचा इथे उपयोग नाही, कारण वजनाबद्दल कुणाचा वाद नाही. त्या वजनात अणू किती धरायचे यावर आहे. इटलीचा कानिझारो उठतो आणि पन्नास वर्षं धूळ खात पडलेला ॲव्होगॅड्रो पुन्हा मांडतो. सभा संपताना त्याची पुस्तिका वाटली जाते. श्रोत्यांत एक तरुण रशियन बसला आहे, मेंडेलीव्ह. आवर्तसारणीला अजून नऊ वर्षं आहेत, पण तिचा पाया इथे घातला गेला असं म्हणायला हरकत नाही.

पाच वर्षांनी, १८६५ मध्ये, व्हिएन्नातला एक शाळामास्तर योहान लोश्मिट हवेच्या रेणूचा आकार काढतो. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. थोडा मोठाच काढला त्याने, पण घर बरोबर होतं. पहिल्यांदा कुणीतरी 'खूप' हा शब्द सोडून आकड्याकडे वळलं, आणि वळणारा शाळेत शिकवत होता.

आता पॅरिस, १९०८. इथे खुर्ची ओढा आणि बसा, कारण पोरीच्या प्रश्नाचं उत्तर याच खोलीत आहे.

झां पेरँ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला आहे. समोर पाण्याचा एक थेंब, थराची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. त्यात गॅम्बोज नावाच्या पिवळ्या डिंकाच्या गोळ्या आहेत, चित्रकार रंगासाठी वापरतात तो. गोळ्या एकाच आकाराच्या हव्यात, म्हणून त्याने डिंकाचं पिवळं पाणी यंत्रावर गरगर फिरवून, पुन्हा गाळून, पुन्हा फिरवून महिने घालवले आहेत. किलोभर डिंकातून हाती आली ती ग्रॅमच्या काही दशांशांएवढी भुकटी. तुमचा काटा काढा आणि एक गोळी ठेवून बघा. शून्य. एका गोळीची त्रिज्या सुमारे ०.०००२ मिलिमीटर आहे. तो काटा हे वजन कधीच दाखवणार नाही.

मग पेरँ वजन कसं काढतो? थेंब वाळताना गोळ्या रांगेत चिकटतात. रांगेची लांबी मोजायची, रांगेतल्या गोळ्यांनी भागायचं, एकीची रुंदी मिळते. त्यावरून आकारमान, घनतेवरून वजन. पुन्हा तेच कट्ट्याचं गणित.

आता तो थेंबात वेगवेगळ्या उंचीवर नजर स्थिर करतो. जड गोळ्या तळाशी बसायला हव्यात, पण पाण्याचे रेणू त्यांना सगळीकडून ढकलत राहतात, म्हणून काही वर तरंगतात. सगळ्या सारख्या थरथरताहेत. नजरेचं वर्तुळ त्याने टाचणीच्या भोकाएवढं लहान केलं आहे, एका नजरेत चार-पाचच गोळ्या याव्यात म्हणून. डोळा लावायचा, आकडा म्हणायचा. पुन्हा डोळा, पुन्हा आकडा. तीन, पाच, दोन, चार. तुम्हीही पाच मिनिटं करून बघा, डोळ्यातून पाणी येतं. अशा १३,००० गोळ्या मोजल्या गेल्या. तळाजवळ १०० असतील तर तीन शतांश मिलिमीटर वर ४७, आणखी तेवढंच वर २२.६, आणखी तेवढंच वर १२.

दर टप्प्याला साधारण निम्म्या. आपल्या हवेचंही तसंच आहे: सुमारे साडेपाच किलोमीटर वर गेलं की हवा निम्म्यावर येते. नियम एकच, फक्त कण जितका जड तितकी निम्म्याची उंची कमी. साडेपाच किलोमीटरला तीन शतांश मिलिमीटरने भागा, अठरा कोटी येतात. याचा अर्थ पाण्याने उचलून धरल्यावर उरणारं एका गोळीचं वजन हवेच्या एका रेणूच्या अठरा कोटीपट आहे. गोळीचं वजन हातात आहे. अठरा कोटींनी भागलं की रेणूचं वजन हातात. मग एक मोल हवेचं वजन, २९ ग्रॅम, त्या वजनाने भागा. आपला ढोबळ हिशोब ६.४ गुणिले १०चा २३वा घात यापाशी पोचतो. पेरँने सगळे बारकावे धरून सुरुवातीला ७.०५ काढला होता. ढोबळ हिशोब जास्त जवळ आला हा निव्वळ योग. १९०९ साली या संख्येला ॲव्होगॅड्रोचं नाव त्यानेच दिलं, आणि १९२६चं नोबेल त्याला मिळालं.

पहिले शंभर दाणे मोजले गेले ते असे. रेणू कुणी पाहिला नाही. रेणूंनी ढकललेल्या गोळ्या पाहिल्या.

जाता जाता लायप्झिगमध्ये विल्हेल्म ओस्टवाल्डला भेटा. 'मोल' हे नाव रसायनशास्त्रात रुजवलं ते त्याने, १८९०च्या दशकात. आणि हा गृहस्थ अणू आहेत हेच मानत नव्हता! त्याच्या लेखी मोल म्हणजे ठरावीक ग्रॅमची एक सोयीची मोळी होती, आत कण मोजायची गरजच नव्हती. पेरँच्या आणि इतरांच्या प्रयोगांनंतर, १९०८च्या अखेरीस, त्याने आपल्या पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत हार मान्य केली. अणू आहेत असं लिहून दिलं. मोठ्या माणसाला हे जमतं तेव्हा बघायला बरं वाटतं.

पोरीचं गणित इथेच करून टाका. कण दिलेत आणि मोल हवेत, म्हणजे सुट्या दाण्यांवरून मोळ्या करायच्या: भागा. १.५०५५ ला ६.०२२ ने भागलं, २३वे घात एकमेकांत गेले, उत्तर ०.२५ मोल. पाण्याचा मोल १८ ग्रॅमचा, म्हणून ते साडेचार ग्रॅम पाणी. मोळ्या दिल्या असतील आणि दाणे हवेत, तर गुणा. आणि उत्तर आलं की त्याच्या तोंडाकडे बघा. 'रेणू किती' असं विचारलं असताना उत्तर एकाहूनही लहान आलं, तर गुणायच्या ठिकाणी भागलं आहे. 'मोल किती' विचारलं असताना शून्यांची लांबलचक माळ आली, तर उलटं.

शेवटचा थांबा जर्मनीतलं ब्राउनश्वाइग, अगदी परवाचा काळ. काचेखाली एक चकचकीत गोळा आहे, वजन एक किलो, व्यास सुमारे ९४ मिलिमीटर. आत जवळजवळ निव्वळ सिलिकॉन-२८. स्फटिकातल्या प्रत्येक चौकोनी घरात आठ अणू, घराची बाजू क्ष-किरणांनी मोजलेली, गोळ्याचं आकारमान मोजलेलं. घरं किती ते भागाकाराने कळतं, अणू किती ते आठने गुणून. पेरँच्या रांगेतल्या गोळ्यांपेक्षा पद्धत वेगळी नाही, अचूकता कोट्यवधी भागांत एक-दोनवर आली आहे. १६ नोव्हेंबर २०१८ला व्हर्सायच्या वजनमाप परिषदेत देशांनी मतदान केलं आणि २० मे २०१९पासून ॲव्होगॅड्रो अंक कायमचा ठरवून टाकला गेला: ६०२२१४०७६ आणि पुढे १५ शून्यं. तोपर्यंत १२ ग्रॅम कार्बन-१२ मधले अणू म्हणजे एक मोल अशी व्याख्या होती, म्हणजे वजन आधी आणि संख्या मागून. आता संख्या आधी. ती यापुढे मोजायची नाही, तिच्यावरून बाकीचं मोजायचं.

नववीचं पुस्तक मात्र पोरांच्या हातात हा तयार आकडा ठेवतं आणि मग घातांक वजा करायला लावतं. इतिहासात जे सगळ्यात शेवटी आलं ते धड्यात आयतं हातात पडतं, आणि मग पोरगी विचारते, गुणायचं की भागायचं. दोष तिचा नाही.

तेव्हा शिक्षकांना एक विनंती. हा धडा काढाल त्या दिवशी फळ्यावर आकडा लिहायच्या आधी टेबलावर काटा आणि तीन वाट्या मांडा. एकीत १८ ग्रॅम पाणी, दुसरीत ५८.५ ग्रॅम मीठ, तिसरीत ३४२ ग्रॅम साखर. तिन्ही वर्गात फिरू द्या, पोरांना हातात घेऊन वजन जोखू द्या. मग सांगा, की पाण्याचे रेणू जितके, तितकीच मिठाची सूत्र एककं आणि तितकेच साखरेचे रेणू. शाळेत काटा नसेल तर किराणा दुकानातला अर्ध्या तासासाठी मागून आणा; ग्रॅम दाखवणारा असला की पुरे.